फ्रेंच क्रियापदं तोडायची कशी आणि म्हणायची कशी, मराठी कानाने

अकरावीला स्कोअरिंग म्हणून फ्रेंच घेतलेल्यांपैकी मी एक. लेखीत मार्क छान, आणि ओरलला मॅडमनी एक वाक्य वाचायला दिलं तर मी ‘ते बोलतात’ याला ‘इल्स पार्लेंट’ असं ठणकावून वाचलं. मॅडम हसल्या नाहीत, फक्त म्हणाल्या, अगं तीन अक्षरं फुकट खर्च केलीस. तेव्हा काही कळलं नाही, पण आता दहा-बारा वर्षं फ्रेंच वापरल्यावर वाटतं की सगळी गोम तिथेच होती. फ्रेंच क्रियापदाचे दोन वेगवेगळे तुकडे पडतात, एक कागदावरचे आणि एक तोंडातले, आणि आपण कागदावरचे तोंडात आणायला जातो. गंमत म्हणजे मराठीत आपण रोज नेमकं उलटं करतो. लिहितो ‘करतो’, तीन अक्षरं, म्हणतो ‘कर्-तो’, दोन सिलॅबल, म्हणजे एका झटक्यात म्हणायचे दोन तुकडे. मधला ‘अ’ कुठे गेला ते कोणी विचारत नाही. हा कान आपल्याकडे आहेच, तो फक्त फ्रेंचकडे वळवायचाय.

आधी लिहायची सोय ठरवून घेऊ, कारण सगळं देवनागरीतच लिहितेय. रोमन स्पेलिंग वहीत समोर ठेवा. शेवटी हलन्त म्हणजे तिथे व्यंजनावर थांबायचं. झ़ म्हणजे इंग्लिश ‘प्लेझर’मधला मधला आवाज, ज़ म्हणजे ‘झू’मधला, जिथे जीभ दातांना टेकत नाही, नुसती घासते. आँ, ओँ आणि ॅं हे नाकातले स्वर. ‘त्यु’ दिसलं तर त्यात ‘य’ नाहीये, तोंडात ‘ई’ ठेवून ओठ ‘ऊ’चे करायचे, मराठीत हा स्वर नाही म्हणून ही तात्पुरती सोय. र घशातून, गुळणी करताना येतो तसा, पण हलका. ए म्हणजे बंद ए, आणि ॅ म्हणजे तोंड जरा जास्त उघडून.

आणि एक चांगली बातमी. फ्रेंच त आणि द हे आपलेच दंत्य त-द आहेत, प-त-क मागे हवा सोडायची नाही, म्हणजे जन्मापासून येतं तसंच. तरी क्लासमध्ये निम्मी मुलं ‘टु’, ‘डॉने’ म्हणतात कारण स्पेलिंग रोमन दिसलं की डोक्यात इंग्लिश चालू होतं. ते बंद करा, अर्धा अ‍ॅक्सेंट तिथेच सुधारतो.

आता पहिली पायरी, शेपूट कापणे. ‘बोलणे’ला पार्-ले म्हणतात, हो, बिस्किटासारखंच. वर्तमानकाळात मी, तू, तो आणि ते या चौघांची स्पेलिंग ई, ई-एस, ई, ई-एन-टी अशी संपतात, आणि चौघांचा उच्चार एकच, पार्ल्. एक सिलॅबल, संपलं. आम्हीचं ओ-एन-एस म्हणजे पार्-लोँ, तुम्हीचं ई-झेड म्हणजे पार्-ले. म्हणजे लिहायला पाच वेगवेगळी रूपं आणि ऐकायला तीन. यातलं ई-एन-टी हे सगळ्यात दगाबाज, कारण तीच तीन अक्षरं नामाच्या किंवा विशेषणाच्या शेवटी आली की ‘आँ’ म्हणतात. फ्रेंच लोकांचंच एक जुनं उदाहरण आहे, मठातल्या कोंबड्या अंडी उबवतात: ले पूल् द्यु कू-वाँ कूव्. शेवटच्या दोन शब्दांचं स्पेलिंग अगदी सेम, पहिला नाम म्हणून दोन सिलॅबल, दुसरा क्रियापद म्हणून एक. तसंच कोँ-ताँ म्हणजे खूश, आणि तेच स्पेलिंग ‘ते’बरोबर आलं तर कोँत्, म्हणजे गोष्ट सांगतात. त्यामुळे वाचताना आधी मागे बघायचं, ‘ईल्’ (तो, ते) किंवा ‘एल्’ (ती, त्या) किंवा अनेकवचनी कर्ता आहे का, असेल तर ई-एन-टी डोळ्यांनीच झाकून टाकायचं.

पण थांबा, सरसकट कापू नका. ‘तो येतो’ ईल् व्यॅं यातही शेवटी ई-एन-टी आहे, आणि तिथे फक्त टी गप्प आहे, ई-एन वाजतात, कारण ते धातूचेच आहेत, प्रत्यय नाहीत. ‘तो’ एकवचन असेल तर शेवटचं ई-एन-टी प्रत्यय असूच शकत नाही, एवढी एक खूण पुरते.

आणि शेपटातला ई गप्प असला तरी निकामी नाही, हे मला फार उशिरा कळलं. तो स्वतः वाजत नाही पण त्याच्या आधीच्या व्यंजनाला जागं करतो. ईल् व्यॅं, तो येतो. ईल् व्यॅन्, ते येतात. ईल् प्राँ, तो घेतो, ईल् प्रॅन्, ते घेतात. फी-नी, संपवतो, फी-नीस्, संपवतात. वाँ, विकतो, वाँद्, विकतात. सिलॅबल एकाचेही वाढले नाहीत, फक्त दार बंद झालं, म्हणजे सिलॅबल स्वराऐवजी व्यंजनावर संपला. म्हणजे अशा क्रियापदांत अनेकवचन ऐकायचं असेल तर शेवटचं व्यंजन ऐका, बाकी कशाला महत्त्व नाही.

दुसरी पायरी, स्वर मोजणे. अक्षरं मोजायची नाहीत, आवाज मोजायचे. ए-आय एकच स्वर (ॅ), ओ-यू एकच (ऊ), ओ-आय एकच सिलॅबल (वा). ‘ते बोलत होते’ याच्या शेवटी ए-आय-ई-एन-टी अशी पाच अक्षरं आहेत आणि आवाज फक्त ॅ एवढाच: ईल् पार्-लॅ. मी, तू, तो, ते सगळे भूतकाळात ‘पार्-लॅ’च. मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा वाटलं एवढी शाई वाया कशाला घालवायची. उलट ‘निर्माण करणे’ या क्रे-ए चं स्त्रीलिंगी भूतकृदन्त बघा, तीन ई एका ओळीत, पहिल्या दोघांवर टोपी (वरची तिरकी रेघ), आणि म्हणायचं फक्त क्रे-ए.

काही ठिकाणी ई हा नुसता सही करायला बसलेला असतो. ‘आम्ही खातो’ माँ-झ़ोँ, यात जी नंतर ई लिहिलाय तो फक्त जी चा उच्चार झ़ राहावा म्हणून, नाहीतर ‘माँ-गोँ’ झालं असतं. त्याला सिलॅबल देऊ नका. ‘आम्ही सुरू करतो’ कॉ-माँ-सोँ यात सी ला खाली शेपटी देतात ती त्याच कामासाठी.

नाकातल्या स्वरांवर जरा थांबते कारण इथे मराठी माणूस हमखास घसरतो. आपला अनुस्वार पुढच्या व्यंजनाकडे बघून न्, म्, ङ् होतो, आंबा म्हणजे आम्-बा, चांदी म्हणजे चान्-दी. त्यामुळे ‘गाणे’ शाँ-ते हे आपण ‘शान्-ते’ म्हणतो. तसं नाही. जीभ दाताला लागताच कामा नये, स्वर नाकातून सोडायचा आणि मग स्वच्छ ‘ते’. घरी कोकणी किंवा मालवणी बोलणाऱ्यांना हे आयतं येतं, त्यांच्या भाषेत नाकातले स्वर जिवंत आहेत, पुण्याकडच्यांनी मेहनत करावी. आणि एन नंतर स्वर आला किंवा एन डबल झाला तर नाक बंद: ‘देणे’ हे दॉ-ने, ‘दोँ-ने’ नाही. वरच्या व्यॅन् आणि प्रॅन् मध्ये पण डबल एन आहे म्हणूनच नाक गेलं.

तिसरी पायरी, व्यंजनं वाटणे. दोन स्वरांच्या मध्ये एकच व्यंजन असेल तर ते पुढच्याला द्यायचं, फ्रेंचला उघडे, म्हणजे स्वरावर संपणारे, सिलॅबल आवडतात: फी-नी-रे, मी संपवीन. दोन असतील तर एक मागे एक पुढे: पार्-ले, रॅस्-ते (राहणे), र-गार्-दे (बघणे). पण दुसरं व्यंजन ल किंवा र असेल आणि पहिलं प, ब, त, द, क, ग, फ, व यापैकी, तर जोडी फोडायची नाही: मोँ-त्रे (दाखवणे) मध्ये ‘मोँ’ हा एक तुकडा आणि ‘त्रे’ अख्खा दुसरा. सी-एच म्हणजे श् आणि जी-एन म्हणजे न्य्, हे एकच आवाज धरायचे: गा-न्ये, जिंकणे. डबल व्यंजन कागदावर ओळ तोडताना फोडतात, बोलताना ते एकच असतं.

आपल्याकडे लघु-गुरू शिकवताना सांगतात ना, जोडाक्षराच्या आधीचं अक्षर गुरू, ते काय आहे, तर जोडाक्षरातलं पहिलं व्यंजन मागच्या सिलॅबलला जाऊन चिकटतं. ‘पार्-ले’ तसंच. देवनागरीत रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो म्हणून डोळा फसतो, कान नाही.

आता चौथी पायरी आणि खरी मजा, मधला ई. ज्याला फ्रेंच लोक मुका ई म्हणतात तो शब्दाच्या मध्ये कधी वाजतो, कधी नाही. इथे पुन्हा मराठी आठवा. ‘उतर’ म्हणताना उ-तर्, त आणि र च्या मध्ये अ ऐकू येतो. ‘उतरून’ म्हटलं की उत्-रून, अ गायब. समज पण सम्-जून. शेवटी बंद सिलॅबल असेल तर स्वर पाहिजे, मागून नवा स्वर आला की मधला पडतो. फ्रेंचमध्ये ‘हाक मारणे’ घ्या. मी हाक मारतो: झ़ा-पॅल्. आम्ही हाक मारतो: नू-ज़ा-प्लोँ. उतर-उतरून सारखंच! पॅल् मध्ये स्वर पक्का झाला म्हणून स्पेलिंगमध्ये एल डबल करतात, प्लोँ मध्ये स्वर पडला म्हणून एकच एल. ‘विकत घेणे’ तसंच, झ़ा-शॅत् आणि नू-ज़ाश्-तोँ, फक्त इथे डबल टी न करता ई वर उतरती टोपी देतात. शाळेत हे ‘स्पेलिंगचे अपवाद’ म्हणून तक्ता पाठ करायला लावतात, आणि तक्ता मग परीक्षेनंतर विसरतो. हा अपवाद नाहीच, मुका ई शब्दाच्या शेवटच्या बंद सिलॅबलमध्ये उभा राहू शकत नाही, म्हणून त्याला एकतर टोपी घालतात नाहीतर पुढचं व्यंजन डबल करतात. 1990 साली फ्रान्समध्ये स्पेलिंगच्या दुरुस्त्या आल्या त्यात या जातीच्या बहुतेक क्रियापदांना टोपीची पद्धत लावली, हाक मारणे आणि फेकणे ही दोन (आणि त्यांच्यापासून झालेली) मात्र डबलवरच ठेवली, कारण ती लोकांच्या हाताला बसलेली.

मग ई कधी पाडायचा? यासाठी मॉरिस ग्रामों नावाच्या फ्रेंच भाषातज्ज्ञाचा तीन व्यंजनांचा नियम आहे, अगदी शंभर टक्के लागू होत नाही पण कामाला उत्तम. ई पाडल्यावर तीन व्यंजनं एकमेकांवर आदळणार असतील तर ई ठेवा, नाहीतर पाडा. भविष्यकाळात लगेच दिसतं. ‘मी देईन’ झ़ दॉन्-रे, ई च्या आधी एकच न् (डबल एन म्हणजे एकच आवाज), पडला. ‘मी खाईन’ माँझ़्-रे, पडला. पण ‘मी बोलेन’ मध्ये ई च्या आधी र्-ल् आणि नंतर र्, पाडला तर पार्ल्र् असा दगड तोंडात, म्हणून पार्-ल-रे, तीन सिलॅबल. रॅस्-त-रे, मोँ-त्र-रे तसेच. आय किंवा यू नंतरचा ई तर निव्वळ शोभेचा: ‘मी अभ्यास करीन’ झ़े-त्यु-दी-रे, ‘मी खेळेन’ झ़ झ़ू-रे.

संकेतार्थात, म्हणजे ‘दिलं असतं’ वगैरेमध्ये, आम्ही आणि तुम्हीला -र्योँ आणि -र्ये लागतं, तिथे मात्र आधीचा ई परत येतो: नू दॉ-न-र्योँ, तीन. कारण न्-र्-य् हे पुन्हा तीनच झाले. नियम तोच आहे, लोक मात्र इथे विसरतात.

एक वेगळं प्रकरण, पळणे. ‘मी पळत होतो’ झ़ कू-रॅ, ‘मी पळालो असतो किंवा पळेन’ वाल्या रूपात आर डबल, आणि इथे खरंच लांबवून म्हणायचं, कूर्-रॅ. फ्रेंचमध्ये डबल व्यंजन ऐकू येणं दुर्मिळ, पण आपल्याला पता आणि पत्ता वेगळे म्हणता येतात तेव्हा अडचण नाही.

पाचवी पायरी, ‘य’ ची. आय नंतर स्वर आला की आय चा य होतो आणि मागच्या व्यंजनाला चिकटतो: ए-त्यु-द्ये (अभ्यास करणे), नू पार्-ल्योँ (आम्ही बोलत होतो). पण आय च्या आधी न फुटणारी जोडी असेल, प्ल, ब्ल, त्र, द्र, क्र, तर मध्ये ‘ई’ हा स्वर उभा राहतो: विसरणे हे ऊ-ब्ली-ये, ‘ऊ-ब्ल्ये’ नाही, ओरडणे हे क्री-ये. आता नीट बघा, पार्-ल्योँ मध्येही र् आणि ल् शेजारी आहेत, मग तिथे का नाही? कारण र् मागच्या सिलॅबलला गेला, ल् एकटाच उरला. म्हणजे तिसरी पायरी आधी झाली नसेल तर पाचवी चुकणार. ‘आम्ही आत जात होतो’ आँ-त्री-योँ, चुकून आँ-त्र्योँ म्हणू नका. आणि दुकानात, हॉटेलात सगळ्यात उपयोगी ते: ‘मला हवं होतं’ झ़ वू-द्रॅ, तुम्हाला विचारताना वू वू-द्री-ये. हे एवढं नीट आलं तरी समोरचा माणूस बदलतो हो.

डबल एल च्या आधी आय असेल तर बरेचदा तो नुसता य् असतो: त्रा-वा-ये (काम करणे), झ़ त्रा-वाय्, आपल्या ‘साय’, ‘गाय’ सारखा शेवट. आणि वाय दोन स्वरांच्या मध्ये आला तर त्याला दोन आय समजा, एक मागे एक पुढे: नू व्वा-योँ, आम्ही बघतो.

सहावी पायरी, सर्वनाम जोडणे, कारण क्रियापद एकटं कधी येतच नाही. शेवटचं व्यंजन पुढच्या स्वराला देऊन टाकायचं: ईल् + ॅम् = ई-लॅम्, तो प्रेम करतो. अनेकवचनात गप्प असलेला एस जागा होऊन ज़ होतो: ईल्-ज़ॅम्. पार्ल् मध्ये तो-ते ऐकून कळत नव्हतं, इथे त्या एका ज़ वर सगळं आहे. आणि ज़ ऐवजी स म्हटलं तर अर्थच उलटतो, ईल्-ज़ोँ म्हणजे ‘त्यांच्याकडे आहे’, ईल्-सोँ म्हणजे ‘ते आहेत’. आपण मराठी लोक ज़ च्या जागी सर्रास ‘ज’ टेकवतो, मला अजूनही घाईत होतं. वू-ज़ॅत् (तुम्ही आहात), ओँ-ना (आपल्याकडे आहे), वा-ज़ी (चल, जा) हे तीन रोज म्हणा. प्रश्नात उलटवल्यावर डी चा त होतो: प्राँ-तील्, घेतो का तो?

घाईच्या बोलण्यात ‘झ़’ चा स्वरही पडतो आणि मग पुढच्या कठोर व्यंजनामुळे झ़ चा श् होतो. झ़ स्वी (मी आहे) चं श्वी, आणि ‘मला माहीत नाही’ या पुस्तकातल्या चार सिलॅबलचं शे-पा, दोन. हे बोलायची घाई करू नका, पण ओळखता यायला हवं, नाहीतर सिनेमा बघताना वाटतं की ही कुठली भाषा.

सातवी पायरी छोटी आहे. सगळे सिलॅबल सारख्या लांबीचे, आणि जोर फक्त शेवटच्यावर, तोही हलका. इंग्लिशसारखं मधलं एखादं दाबून बाकीचे गिळायचे नाहीत. सरावाला मी एकच युक्ती वापरते, शेवटून बांधत यायचं: रे, ल-रे, पार्-ल-रे, झ़-पार्-ल-रे. टेबलावर बोटाने टकटक, एका सिलॅबलला एक. फोनवर रेकॉर्ड करून दुसऱ्या दिवशी ऐका, त्याच दिवशी ऐकलं तर आपलं आपल्याला बरोबरच वाटतं.

काही पाठच करायचे आहेत, त्याला इलाज नाही. ‘आम्ही करतो’ मध्ये ए-आय असूनही फ-ज़ोँ, फॅ-ज़ोँ नाही. ‘तुम्ही करता’ फॅत्, ‘तुम्ही सांगता’ दीत्. आणि ‘मला मिळालं’ याचं भूतकृदन्त ई-यू असं दोन अक्षरी लिहितात आणि म्हणायचं नुसतं ओठ गोल केलेलं ‘यु’.

कोणी विचारेल, मग गाण्यांत शेवटचे ई ऐकू येतात ते कसे? येतात. जुन्या छंदोबद्ध कवितेत पुढे व्यंजन असेल तर मुका ई मोजला जातो, तिथला बारा सिलॅबलचा चरण त्यांना मोजून दिला तरच बसतो, आणि तिथे पार्ल् चे पार्-ल असे दोन होतात. आपणही एरवी ‘ईश्’ म्हणतो पण श्लोक म्हणताना ‘ईश’ मधला श अख्खा म्हणतो, नाहीतर वृत्त मोडतं. शिवाय दक्षिण फ्रान्समध्ये, मार्सेय, तूलूझकडे, रोजच्या बोलण्यातही हे ई बरेच ऐकू येतात. त्यामुळे तिकडचा शिक्षक मिळाला आणि तो ‘पार्-ल’ म्हणाला तर वाद घालू नका, परीक्षेला मात्र पार्ल्.

आता वर म्हटलेलं ‘फेकणे’ स्वतः करून बघा, झ़-ते, जे-ई-टी-ई-आर. चार रूपं काढा: मी फेकतो, आम्ही फेकतो, मी फेकीन, आणि आम्ही फेकलं असतं वाल्या संकेतार्थातलं आम्ही. आधी वहीत तोडा, मग टेबलावर टकटक करा, आणि मगच खाली बघा.

मी फेकतो: झ़ झ़ॅत्, टी डबल, बंद सिलॅबल म्हणून पक्का स्वर. आम्ही फेकतो: नू झ़-तोँ, टी एकच, आणि भराभर बोलताना नूश्-तोँ. मी फेकीन: झ़ झ़ॅत्-रे, ई पडला. संकेतार्थ: नू झ़ॅ-त-र्योँ, ई परत आला. शेवटच्यात जर झ़ॅत्-र्योँ लिहिलं असेल तर चौथी पायरी पुन्हा वाचा, तिथे माझंही बरेच महिने चुकायचं.